चावी परत कधी घ्यायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४२. सात आठवड्यांपूर्वी शिडीवरून पडून डोक्याला मागच्या बाजूने मार लागला. मिनिटभर शुद्ध हरपली होती, त्यापुढचा तास-दीड तास आजही आठवत नाही. एक रात्र हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली ठेवलं, सीटी स्कॅन नॉर्मल आला, ‘सौम्य दुखापत आहे, आराम करा’ असं सांगून घरी सोडलं. आता आठवड्यातून दोन-तीनदा डोकं दुखतं, त्यासाठी रात्री झोपताना अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम चालू आहे. संध्याकाळी गळून गेल्यासारखं होतं, गर्दीतला कलकलाट सहन होत नाही. काम अर्धवेळ सुरू केलं आहे. ऑफिस गाडीने ४० मिनिटांवर. गाडीची चावी नवऱ्याने कपाटात ठेवून दिली आहे. दीर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे तर एवढा बाऊ कशाला? डॉक्टर ड्रायव्हिंगबद्दल काहीच बोलले नाहीत. “घरात कोणाला न सांगता मी दोनदा गाडी काढली. पहिल्यांदा दहा मिनिटं, अगदी छान जमलं. दुसऱ्यांदा अर्धा तास. तेव्हा रोजचं वळण चुकलं आणि मागचा सिग्नल हिरवा होता की लाल तेच आठवेना. घाबरून परत आले. वीस वर्षं गाडी चालवते आहे, एक ओरखडा नाही. मला फक्त एवढंच सांगा, मी गाडी चालवायला तयार आहे की नाही?”

तयार आहात की नाही, हे पत्र वाचून कोणालाही सांगता येणार नाही. पण त्या दुसऱ्या फेरीबद्दल तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत गाडी काढू नका. कोपऱ्यावर जाण्यापुरतीसुद्धा नको. ‘मागचा सिग्नल आठवेना’ या एका वाक्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांतली एक आधी बाजूला काढावी लागते.

पहिली शक्यता साधी आहे. ओळखीच्या रस्त्यावर आपण बरंचसं सवयीने चालवतो. लक्ष दमलेलं असलं की डोळे सिग्नल बघतात, पाय ब्रेक दाबतो, पण त्याची नोंद मनात राहत नाही. हे धडधाकट माणसालाही होतं. दुसरी शक्यता आकडीची. डोक्याला मार लागल्यावर काही जणांना हातपाय झटकणारी मोठी आकडी येत नाही, छोटी येते. काही सेकंद ते एक-दोन मिनिटं माणूस एकटक बघत राहतो, हाक मारली तर ओ देत नाही, ओठ चाटतो, हाताने कपड्याशी चाळा करतो, आणि नंतर तेवढा तुकडा त्याला आठवत नाही. सौम्य दुखापतीनंतर हे क्वचितच होतं, आणि तुमची गोष्ट बहुधा थकव्याचीच असेल. पण ‘बहुधा’वर स्टिअरिंग हातात घेता येत नाही.

म्हणून घरच्यांना सरळ विचारा: गेल्या सात आठवड्यांत मी बोलता बोलता मध्येच हरवले, असं कधी दिसलं का? त्यांचं उत्तर आणि त्या दिवसाचा प्रसंग, दोन्ही डॉक्टरांना सांगा. ते कदाचित ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढायला सांगतील. एक ईईजी नॉर्मल आला म्हणून आकडीची शक्यता पूर्ण मिटत नाही, त्यामुळे जवळून पाहणाऱ्या माणसाने केलेलं वर्णन तितकंच मोलाचं असतं. आकडी होती असं ठरलं, तर किती महिने गाडी चालवायची नाही हे तुमच्या भागातला कायदा आणि न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. तिथे घासाघीस नाही.

हे सांगायला तुमची जीभ अडखळेल, कारण गाडी लपून काढली होती. पण या सगळ्या प्रकरणात तपासणीपेक्षा जास्त माहिती देणारी गोष्ट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे तो अर्धा तास. ती लपवली, तर डॉक्टरांसमोर दहा मिनिटं छान बोलणारी, नॉर्मल स्कॅनवाली बाई बसलेली असेल आणि ते कदाचित ‘चालवा’ म्हणून मोकळे होतील.

आता ज्या गोष्टींच्या आधारावर तुम्ही स्वतःला तयार समजता आहात, त्यांच्याकडे बघू.

‘सौम्य’ या शब्दाने फार माणसांची फसगत होते. हा शब्द पहिल्या दिवसाच्या अवस्थेवरून ठरतो. ग्लासगो कोमा स्केलवर (माणूस किती शुद्धीत आहे हे मोजणारी, ३ ते १५ गुणांची पट्टी) १३ ते १५ गुण, बेशुद्धी जास्तीत जास्त ३० मिनिटं, आठवणीतली पोकळी २४ तासांच्या आत, एवढ्यात बसलं की दुखापत सौम्य. जिवाला धोका किती होता, याचं हे माप आहे. पुढचे महिने कसे जातील, हे त्यावरून कळत नाही. बहुतेक मोठी माणसं काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सावरतात, काहींची लक्षणं त्याहून रेंगाळतात. सातव्या आठवड्यात संध्याकाळी गळून जाणं, कलकलाट नकोसा होणं, यात जगावेगळं काही नाही. पण ‘झालं आता’ म्हणण्याजोगंही अजून नाही.

नॉर्मल रिपोर्टचंही तसंच. सीटी स्कॅनला विचारलेला प्रश्न होता: आत रक्तस्राव आहे का, हाड तडकलं आहे का, मोठी सूज आहे का? उत्तर ‘नाही’ आलं, आणि ते फार चांगलं उत्तर आहे. मात्र धक्क्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं, आणि ही घडी पुन्हा बसवायला मेंदूला नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा मात्र कमी झालेला असू शकतो. ही ओढाताण सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. दीरांचा मुद्दा चुकीच्या कागदावर उभा आहे, एवढंच त्यांना सांगा.

(इथे वयस्कर वाचकांसाठी एक गोष्ट. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना, मार लागल्यानंतर काही आठवड्यांनी मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठू शकतं. पहिल्या दिवसाच्या नॉर्मल स्कॅनमध्ये ते नसतंच. डोकेदुखी वाढत चालली, चालताना एका बाजूला झोक जायला लागला, एक हात किंवा पाय ढिला पडला, बोलण्यात गोंधळ आला किंवा झोप अनावर झाली, तर गाडीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. वारंवार उलट्या आणि आकडी यांनाही, वय काहीही असो, हाच नियम.)

उरला वीस वर्षांचा अनुभव. तो खरा आहे आणि तो कुठेही गेलेला नाही. क्लच कधी सोडायचा, गिअर कधी बदलायचा, वळणावर स्टिअरिंग किती फिरवायचं, ही हातापायांत मुरलेली विद्या अशा दुखापतीत सहसा टिकून राहते. म्हणूनच तुमची पहिली दहा मिनिटं छान गेली. गाडी चालवण्यातला जो भाग सवयीचा नसतो, तो खरा अडचणीचा: दोन गाड्यांच्या मधून अचानक आलेलं मूल, सिग्नल बंद पडलेला चौक, मागच्या सीटवरून कोणी विचारलेला प्रश्न आणि त्याच क्षणी समोरच्याने मारलेला ब्रेक.

घरी एक प्रयोग करून बघा. ३० सेंटिमीटरची पट्टी कोणाला तरी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. शून्याची खूण तुमच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधे, बोटं पट्टीला न लावता. समोरच्याने न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही ती चिमटीत पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला साधारण ०.१७ सेकंद लागले, २० सेंटिमीटरवर ०.२० सेकंद. सावरत असलेली पुष्कळ माणसं हे सहज करतात आणि खूश होतात. आता तेच करताना १०० पासून सात-सात कमी करत मोठ्याने मोजा: १००, ९३, ८६, ७९… पट्टी आणखी खाली घसरते. ती कोणाचीही घसरते, म्हणून हा पास-नापासचा पेपर समजू नका. रस्ता मात्र या दुसऱ्या प्रकारचा असतो, हे त्यातून नीट कळतं. तिथे एकच गोष्ट बघून एकच गोष्ट करायची सोय नसते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी आठ मीटर, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीइतकी, पुढे गेलेली असते.

त्यात भर म्हणजे हा ‘जास्तीचा अर्धा सेकंद’ पहिल्या मिनिटाला तुमच्याकडे नसतो. तो विसाव्या, तिसाव्या मिनिटाला येतो. सावरणारा मेंदू काम करतो, पण नेहमीपेक्षा जास्त खर्चाने करतो, आणि शिल्लक लवकर संपते. संपली आहे हे आपल्याला उशिरा कळतं, कारण ते ओळखायलाही तोच मेंदू वापरावा लागतो. तुम्ही विचारलंत की मी तयार आहे का. त्यापेक्षा हे विचारायला हवं: माझं लक्ष किती मिनिटं टिकतं, आणि ते सुटायला लागलं की मला वेळेत कळतं का? तुमच्या दुसऱ्या फेरीने दोन्हींचं उत्तर आजपुरतं दिलं आहे. अर्धा तास टिकलं नाही, आणि कळलं ते वळण चुकल्यावर.

डॉक्टर काही बोलले नाहीत, याचा अर्थ परवानगी असा घेऊ नका. हॉस्पिटलमधून सुटताना मिळालेला कागद पुन्हा काढून वाचा. डोक्याला मार लागल्यावर किमान २४ तास, आणि त्यानंतरही लक्षणं असतील तोवर, गाडी चालवू नका, अशी ओळ त्यावर बऱ्याचदा असते. नसेल, तर पुढच्या भेटीत हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्या. लायसन्स देणाऱ्या कार्यालयाला किंवा विमा कंपनीला कळवावं लागतं का, हे जागेनुसार बदलतं. तेही आधीच विचारून घ्या. डॉक्टरांनी मनाई केलेली असताना अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

नवऱ्याबद्दल. चावी ठेवून देण्याचा त्यांचा निर्णय बरोबर होता, रीत चुकली. मुदत नाही, अट नाही, नुसती चावी कपाटात, मग माणूस लपूनच गाडी काढणार. त्यांच्याशी असं ठरवा: डॉक्टरांची भेट अमुक तारखेला, तोवर मी चावी मागणार नाही. त्यानंतर कोणत्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर काय बघायचं, हे दोघांनी कागदावर लिहायचं. त्या पायऱ्यांत त्यांची गरज तुम्हाला लागणारच आहे, कारण बाजूच्या सीटवर बसून न ओरडता बघणारं माणूस हवं. दारापाशी पहारा करण्यापेक्षा हे काम त्यांनाही बरं वाटेल.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘ड्रायव्हिंगसाठी’ म्हणून चार गोष्टी वेगळ्या तपासून घ्या. एरवी त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

पहिली, डोळे. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचता आली म्हणजे नजर ठीक, असं मारानंतर म्हणता येत नाही. गाडी चालवताना डोळे लांबचा रस्ता, जवळचा स्पीडोमीटर, बाजूचा आरसा अशा उड्या मारत असतात आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून एका बिंदूवर यावं लागतं. पेनाचं टोक हातभर लांबून सावकाश नाकाकडे आणा. नाकापासून १० सेंटिमीटरच्या अलीकडे यायच्या आतच त्याची दोन टोकं दिसायला लागली किंवा डोळ्यांवर ओढ आली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. व्यायामांनी हे पुष्कळदा सुधारतं. बाजूच्या नजरेची म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणीही याच भेटीत होऊन जाऊ द्या.

दुसरी, तोल. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा, नजर नखावर ठेवा आणि डोकं डावीकडे-उजवीकडे झपझप वीसेक वेळा हलवा. नख स्थिर दिसलं पाहिजे. ते पुसट झालं किंवा गरगरलं, तर चौकात दोन्हीकडे बघताना रस्ताही तसाच पुसट होणार. आणि अंथरुणात कूस बदलली की अर्धा-एक मिनिट घर फिरतं, असं होत असेल तर ते आवर्जून सांगा. कानाच्या आतले बारीक खडे मारामुळे जागचे हलतात. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागी नेता येतात, बऱ्याचदा एक-दोन बैठकांतच. औषध न घेता सुटणारी तक्रार घेऊन लोक महिनोन् महिने बसून राहतात, याचं वाईट वाटतं.

तिसरी, मान. शिडीवरून पडताना मानेलाही हिसका बसलेला असतो. खुर्चीत सरळ बसून, खांदे न हलवता, हनुवटी खांद्याकडे दोन्ही बाजूंना वळवून बघा. एका बाजूला ती अडत असेल, तर आरशात न दिसणारी बाजूची जागा तुम्हाला तपासता येणार नाही. मागे उरलेल्या डोकेदुखीचं मूळही कधीकधी मानेतच असतं, त्यामुळे फिजिओथेरपीचा दुहेरी फायदा होतो.

चौथी, गोळी. अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम हा छोटा डोस आहे, पण काहींना सकाळी उशिरापर्यंत जडपणा ठेवतो. झोपायच्या दोनेक तास आधी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. डोस वाढवला तर पुढचे काही दिवस गाडी नको. सर्दीच्या, खाजेच्या, गाडी लागण्याच्या साध्या वाटणाऱ्या गोळ्यांनीही झोप येते आणि दोन्ही मिळून गुंगी वाढते. डोकेदुखीवर साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस किंवा त्याहून जास्त घेत असाल तर तेही सांगा, कारण त्या गोळ्यांनीच डोकेदुखी टिकून राहते. दारू या काळात अजिबात नको, आदल्या रात्रीचीही.

जमलं तर ड्रायव्हिंगचं मूल्यमापन करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे) जा. तिथे आधी टेबलावर चाचण्या होतात. त्यांतल्या एका चाचणीत कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं १-अ-२-ब-३-क अशी आलटून पालटून रेषेने जोडायची असतात. तिला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागला, तर ती ड्रायव्हिंगच्या दृष्टीने धोक्याची खूण समजतात. मग दोन्ही बाजूंना ब्रेक असलेल्या गाडीत, प्रशिक्षकाला बाजूला बसवून, प्रत्यक्ष रस्त्यावर. तिथे एक विनंती जरूर करा: वेळ संध्याकाळची द्या आणि फेरी ४५ मिनिटांपेक्षा कमी नको. सकाळी ताज्या डोक्याने २० मिनिटं चालवून मिळालेला ‘ठीक आहे’ तुमच्या कामाचा नाही. तुमची अडचण तिसाव्या मिनिटाला सुरू होते.

अशी सोय जवळ नसेल, तर आकडीचा प्रश्न मिटल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पुढच्या क्रमाने जा.

सुरुवात बाजूच्या सीटवरून. नवरा गाडी चालवतील, तुम्ही रस्ता मोठ्याने बोलायचा. जे दिसतं ते आणि त्यातून काय होऊ शकतं ते: “डावीकडे थांबलेली गाडी, आत माणूस आहे, दार उघडू शकतो. पुढे सायकलवाला, मागे वळून बघतोय, म्हणजे वळणार. सिग्नल केव्हाचा हिरवा आहे, आपण पोहोचेपर्यंत बदलेल. आरशात ट्रक, जवळ येतोय.” हे फोनवर रेकॉर्ड करा. घरी येऊन पाचव्या ते दहाव्या मिनिटात किती गोष्टी टिपल्या ते मोजा, मग तिसाव्या ते पस्तिसाव्या मिनिटातल्या मोजा. रस्ता साधारण सारख्याच गर्दीचा असायला हवा. दुसरा आकडा खूप खाली आला असेल, मधे मधे लांब शांतता असेल, किंवा तुम्ही गोष्ट बोलायच्या आत नवऱ्याने ब्रेक मारलेला असेल, तर स्टिअरिंगमागे बसायची वेळ आलेली नाही. ही काही प्रमाणित चाचणी नाही, पण लक्ष कुठल्या मिनिटाला विरळ होतं ते तुमच्याच आवाजात ऐकायला मिळतं.

त्यानंतर मोकळं मैदान किंवा रिकामी पार्किंगची जागा. मागे घेणं, जोरात ब्रेक लावून थांबणं, दोन्ही खांद्यांवरून मागे बघणं. मग दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यावर, ओळखीच्या शांत भागात १५ मिनिटं, बाजूला नवरा, रेडिओ बंद, फोन बंद, गप्पा नाहीत. गाड्यांमधलं अंतर नेहमी दोन सेकंदांचं ठेवत असाल तर आता चार सेकंदांचं ठेवा: पुढची गाडी खांबापाशी गेली की मोजायला लागा, चार म्हणायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोहोचता कामा नये. समोरून येणारी रहदारी कापून वळावं लागतं ते चौक सगळ्यात कठीण. अंतर, वेग आणि वेळ तिन्हींचा हिशेब एका क्षणात करावा लागतो. सुरुवातीला असे चौक टाळून जाईल असा रस्ता निवडा, लांब पडला तरी चालेल.

पंधराची २५ मिनिटं, मग ४०. मग गर्दीची वेळ. रात्र, पाऊस आणि वेगाचे मोठे रस्ते सगळ्यात शेवटी, आणि तेही एका वेळी एकच. मुलांना गाडीत घेणं त्याहून पुढे. प्रत्येक फेरीच्या आधी, लगेच नंतर, तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोकेदुखी, गरगर आणि थकवा यांना ० ते १० मध्ये गुण द्या. आधीपेक्षा दोनाहून जास्त वाढले, किंवा वाढलेले गुण तासाभरात उतरले नाहीत, तर दोन दिवस थांबून एक पायरी खाली या. सलग दोन फेऱ्या स्वच्छ गेल्याशिवाय पुढची पायरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे गुण लोक लिहायला विसरतात. हा थकवा बऱ्याचदा उशिरानेच येतो, म्हणून ते गुण सोडू नका.

कधी थांबायचं, हे गाडीत बसायच्या आधी ठरलेलं असू द्या. मागचा चौक आठवेना, पाटी दोनदा वाचावी लागली, ब्रेक उशिरा आणि जोरात लागायला लागले, हॉर्नने चीड यायला लागली, जांभया सुरू झाल्या, यांतलं काहीही एक झालं की सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची आणि चावी नवऱ्याकडे द्यायची. ‘आता घर आलंच’ हे वाक्य तेव्हा कोणीही उच्चारायचं नाही. नवऱ्यालाही एक नियम: धोका असेल तर फक्त ‘ब्रेक’ हा एक शब्द, बाकी सगळी टीका घरी गेल्यावर.

दुचाकी चालवणाऱ्या वाचकांनी चारचाकीच्या बऱ्याच नंतर विचार करावा. तिथे तोल सतत सांभाळावा लागतो, आणि आधीचा मार पूर्ण भरला नसताना डोक्याला पुन्हा मार बसला तर त्याचे परिणाम पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकतात. ज्या हेल्मेटने मार झेलला ते वरून कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्या. आतला फोम एकदा दबला की पुन्हा धक्का पूर्वीसारखा झेलत नाही. बस, ट्रक, टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्यांना तपासणीचे निकष जास्त कडक असतात. त्यांनी घरगुती पायऱ्यांवर न जाता लेखी वैद्यकीय परवानगीनेच रुजू व्हावं. आणि ज्यांना मार गाडीच्या अपघातातच लागला, त्यांची लक्षणं निवळल्यावरही गाडीत बसताच छाती धडधडत असेल, तर ती भीती वेगळी आहे आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाला सांगायला संकोच करू नका.

तुमच्या ४० मिनिटांच्या रस्त्याबद्दल शेवटचं. जाणं आणि येणं ही एकाच अंतराची दोन वेगळी कामं आहेत. सकाळी तुम्ही विश्रांती घेऊन निघता, परतताना स्क्रीन, बैठका आणि बोलण्यात मेंदू अर्धा रिकामा झालेला असतो. त्यामुळे सगळ्या पायऱ्या पार झाल्या तरी पहिले दोन आठवडे एकच बाजू चालवा. सकाळी तुम्ही आणि येताना नवरा, किंवा येताना सहकाऱ्याची गाडी. दोन्ही बाजू सुरू कराल तेव्हा अर्धवेळाच्या कामाची वेळ अशी मागून घ्या की परतीचा रस्ता दुपारी लागेल, संध्याकाळच्या गर्दीत नाही. आणि निघण्याआधी २० मिनिटं, फोन बाजूला ठेवून, शांत खोलीत डोळे मिटून बसा. त्या वीस मिनिटांनंतरही डोकं जड असेल, तर त्या दिवशी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्येच राहू द्या.